जीपवरचा कॉम्प्रेसर

ज्योतीराम चाकण पट्ट्यात रस्त्यात अडकलेल्या ट्रकांची पंक्चरं काढतो. आजवर तो टाकीत हवा भरून न्यायचा आणि ती नेमकी मोठ्या चाकाला पुरायची नाही. शेवटी निघोज्याच्या रिझवान मेकॅनिकने ज्योतीरामच्या जुन्या जीपच्या इंजिनाशेजारी कॉम्प्रेसर बसवून दिला. ब्रॅकेट स्वतः वेल्ड केला. कॉम्प्रेसर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरणार, म्हणून लांब मापाचा पट्टा पिंपरीहून आणला. आता इंजिन चालू असेपर्यंत हवा संपणार नव्हती.

एका वाहतूकदाराच्या यार्डातल्या सगळ्या गाड्यांचं काम मिळायचं होतं. त्याआधी तिथला कारभार बघणाऱ्या विजयश्री मॅडमना हे यंत्र चालताना बघायचं होतं. काम मिळालं तर ज्योतीरामची बायको रुपाली कंपनीतली रात्रपाळी सोडणार होती.

दोघं यार्डाकडे निघताना तिने जीपची पूजा केली आणि झेंडूचा हार थेट कॉम्प्रेसरला घातला.

"वहिनी, बॉनेटवर घाला ना," रिझवान म्हणाला.

"नवं काय हाय, बॉनेट का हे?"

रिझवानचा हात पट्ट्याजवळ लोंबणाऱ्या हाराकडे गेला आणि थांबला. दुसऱ्याच्या पूजेचा हार आपण कसा काढायचा? त्याने ज्योतीरामकडे पाहिलं.

"तिच्यासमोर नको. यार्डात काढू," ज्योतीराम पुटपुटला.

यार्डात मॅडम ट्रकपाशीच उभ्या होत्या. ज्योतीरामने घाईघाईने पाइप जोडला. बसलेलं चाक हळूहळू उठू लागलं.

"भावा, जीपच्या पोटातली हवा काढायला लागलास की रे!" ट्रकवाला हसला.

"लेकराला भरवायलोय. नजर लावू नको."

मॅडमही हसल्या. तेवढ्यात बॉनेटखाली किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि पट्टा फटकन तुटला. काढायच्या राहिलेल्या हाराचा नायलॉनचा दोरा पुलीत गुंडाळला गेला होता. पाण्याचा पंपही थांबला, त्यामुळे इंजिन बंद करावं लागलं. जीपमध्ये जुना पट्टा होता, पण तो आता आखूड पडत होता. पोचणार नाही हे माहीत असूनही रिझवान तो दोन्ही हातांनी ओढत राहिला.

"किती वेळ?" मॅडमनी विचारलं.

"पिंपरीला जाऊन यावं लागंल."

"मला गाडी सोडायचीय, ज्योतीराम."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी टेम्पोवर कॉम्प्रेसर घेऊन फिरणाऱ्या दुसऱ्याला फोन केला. तो आला, पण त्याचा पाइप चाकापर्यंत पुरेना. ज्योतीरामने आपला जोडून दिला. चाक भरलं. मॅडमनी त्या माणसाचा नंबर घेतला आणि त्या आत गेल्या.

रुपालीचा फोन आला. ज्योतीरामचे हात ग्रीसने भरले होते; त्याने स्पीकर लावला.

"झालं का काम?"

"पट्टा तुटला."

"आत्ता बसवलेला? मग रिझवानभाईंचं काम कच्चंच म्हणायचं."

रिझवान समोरच उभा होता. त्याने मान खाली घालून बोटं पुसायला घेतली.

"त्याचं काम चांगलंय," ज्योतीराम म्हणाला. हाराचं त्याला सांगवेना.

"मग मी आज शिफ्टला जाऊ ना?"

"जा."