रिकाम्या पोटी

नव्या सत्राच्या पहिल्या रविवारी शेपूट आमच्याकडे जेवायला आला आणि त्याने ताटातलं अंडं परत केलं.

शेपूट म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी माझ्या फ्रॉकचं टोक धरून सगळीकडे मागे मागे यायचा, म्हणून पडलेलं नाव. आता सहा फुटांचा झाला, लष्करी अकादमीत गेला, केस असे कापले की टाळू दिसावी, तरी घरात शेपूटच. अकादमी आमच्याच गावात. रविवारी पासावर बाहेर पडायचं तर गावात कुणीतरी पालक लागतो. कागदोपत्री तो माझा नवरा, पण ताट वाढणारी मी.

अंडं परत करणाऱ्यातला तो नव्हे. मागच्या सत्रात तो यायचा तेव्हा नवऱ्याचं मी आधीच वेगळं काढून ठेवायचे, नाहीतर त्याला पातेल्याचा तळच बघायला मिळायचा. त्या दिवशी मात्र त्याने पोळीचा एक तुकडा मोडला, भाजी इकडची तिकडे केली आणि मेसमध्ये भरपूर झालंय म्हणाला. मी बघत राहिले. माझी मुलगी ठकी अडीच वर्षांची आहे. ती झाल्यापासून कुणाच्या पोटात किती गेलं आणि किती बाहेर आलं, यावर लक्ष ठेवायचा मला रोगच जडलाय. नवरा म्हणतो, तू माणसांकडे बघतच नाहीस, त्यांच्या ताटांकडे बघतेस.

बोलत मात्र खूप होता. या सत्रापासून खरं उड्डाण सुरू झालं होतं. सकाळी विमान, दुपारी वर्ग. वर्गात हवामान, इंजिन, पंखावरून वारा कसा वाहतो ते. आधी शेजारी सर बसतात. मग एक दिवस सर खाली उतरतात आणि सांगतात, जा, एकटा फिरून ये. त्या एकट्याच्या उड्डाणावर सगळं अवलंबून. ते जमलं तर वैमानिक, नाही जमलं तर जमिनीवरच्या शाखेत बदली. त्याने जेवणाची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, डाव्या हातात उलथनं धरलं, उजव्या हातात लाटणं, पायांखाली माझ्या सपाता, आणि डोळे मिटून बसल्या बसल्या एक अख्खी फेरी मारून दाखवली. सगळेच असा सराव करतात म्हणे, नाहीतर वर गेल्यावर हात चुकतात. ठकी त्याच्या मांडीवर बसून इंजिनाचा आवाज काढत होती.

मग त्याने पिशवीची गंमत सांगितली. प्रत्येकाच्या खिशात एक कागदी पिशवी असते. वर कुणाला उलटी झाली तर ती पिशवी स्वतःच्या हाताने धरून सगळ्यांच्या समोरून चालत जायचं, आणि संध्याकाळी अख्ख्या तुकडीला थंड पेय पाजायचं. तीन पिशव्या झाल्या की तुम्ही घरी, असं वरच्या वर्गातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. शेपटाच्या तुकडीतल्या एका जाड्याच्या दोन झाल्या होत्या. बिचारा आता विमान दिसलं तरी खिसा चाचपतो, असं सांगून शेपूट हसला. आम्हीही हसलो.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. हवामानाच्या तासाला डुलकी लागली म्हणून शिक्षकांनी त्याला खुर्ची डोक्यावर घेऊन मागे उभं केलं होतं. नवरा म्हणाला, ढगांबद्दल ऐकून झोप येणारच. ठकीने "मामा, विमान" म्हणून हात वर केले. हा त्यांचा नेहमीचा खेळ: तो तिला काखेत धरून गरागरा फिरवायचा आणि ती ओरडायची. या वेळी त्याने दीड फेरी मारली, तिला हलकेच खाली ठेवलं आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. ओठांभोवती पांढरं वर्तुळ. ते वर्तुळ मला पाठ आहे. प्रवासात ठकीच्या ओठांभोवती ते उमटलं की मी टॉवेल काढते. आमच्या घरात आईला गाडी लागायची, मला लागते, ठकीला लागते. शेपटाला मात्र कधीच नाही. आम्ही मायलेकी खिडकीला चिकटून बसायचो तेव्हा हा मागच्या सीटवर उड्या मारायचा.

त्याच आठवड्यात आम्हाला सासरी जायचं होतं, म्हणून मी ठकीचं गाडी लागू नये म्हणून द्यायचं औषध काढायला डबा उघडला. बाटलीला मुंग्या लागल्या होत्या. झाकण चिकट, गळ्यावरून ओघळ आलेला, आणि बाटली निम्मी. मी प्रत्येक औषधानंतर बाटली ओल्या फडक्याने पुसते. मुंग्यांच्या धास्तीने नव्हे, उगाचच, सवय. नवऱ्याने तर ते औषध कधी हातातही घेतलेलं नाही. आतली चिठ्ठी मी पहिल्या दिवशीच वाचली होती, पण परत वाचली. सुस्ती येते, वाहन चालवू नये. एक चमचा दिला की ठकी दुपारभर उठत नाही. तिचा श्वास चालू आहे ना, हे बघायला मी चारदा खोलीत जाते.

वर्गातली डुलकी मला तेव्हा आठवली.

रविवारपर्यंत मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. शेपूट आला, मी बाटली टेबलावर ठेवली. तिच्याकडे बघतच तो हळूच म्हणाला, "ताई, मला विमान लागतं."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्याच उड्डाणात पोटात ढवळलं होतं. दात आवळून खाली आला आणि हँगरच्या मागे जाऊन ओकला, कुणाला न दिसता. त्यानंतर उड्डाणाच्या आदल्या दुपारपासून काही खायचं नाही असं ठरवलं. पोटात काही नसलं की पिशवीत काही पडत नाही. तेही पुरेना, तेव्हा ठकीचं औषध, रविवारी आमच्या डब्यातून लहान बाटलीत ओतून नेलेलं. अकादमीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय सर्दीची गोळीही घ्यायची नसते, हे त्याला माहीत होतं. मी म्हटलं, उद्या सकाळी उठून सरळ डॉक्टरांकडे जा आणि सांग. तो म्हणाला, मंगळवारी एकट्याचं उड्डाण आहे. एवढा मंगळवार जाऊ दे.

"आणि वर झोप लागली तर?"

"झोप कसली लागतेय. जीव मुठीत असतो."

मी ऐकेना, तसं त्याने अप्पांना मधे आणलं. अप्पा म्हणजे आमचे वडील. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, भिंतीवरच्या नकाशापलीकडे कुठे गेले नाहीत. मुलगा वैमानिक होणार हे त्यांनी गल्लीतल्या न्हाव्यापासून सगळ्यांना सांगून ठेवलेलं. फोन केला की पहिला प्रश्न, आज किती वर गेलास? "त्यांना काय सांगू, मला उलट्या होतात?" शेपूट म्हणाला. मी फक्त एवढंच म्हणत राहिले की औषध घेऊन वर जायचं नाही.

शेवटी त्याने ठकीच्या डोक्यावर हात ठेवला. "घेणार नाही. हिची शपथ."

मी त्याचा हात झटकला. तिची शपथ कशाला, म्हटलं, माझी घे. पण शपथ सुटली होती तोंडातून. त्याचे डोळे भरलेले होते आणि मी विश्वास ठेवला. तो गेल्यावर ताटं उचलली, ओटा पुसला, ठकीला न्हाऊ घातलं. बाटली डब्यात ठेवायला गेले तर टेबलावर नव्हती. फ्रिजमध्ये, कचऱ्यात, ठकीच्या खेळण्यांत, सगळीकडे पाहिलं. नव्हती.

तो खोटं बोलला याचा मला राग आला नाही. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायची वेळ त्याच्यावर आली, याची भीती वाटली.

सोमवारी ठकीला कडेवर घेऊन मी अकादमीच्या फाटकाशी गेले. नवरा म्हणाला होता, नीट विचार कर, एकदा बोललीस की बोललीस. मी विचार केला होता. माझ्या डोळ्यांसमोर विमान नव्हतं, ठकी होती: मान एका बाजूला कललेली, तोंड अर्धवट उघडं, हाक मारली तरी न उठणारी. त्या जागी शेपूट. फाटकावरच्या माणसाने नाव लिहून घेतलं, भेटायला आलेल्यांच्या खोलीत बसवलं. भिंतीवर जुन्या तुकड्यांचे फोटो, सगळी मुलं एकसारखी. ठकी एकेकाला बोट लावून विचारत होती, हा मामा? हा मामा?

अकादमीच्या डॉक्टर बाई माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. मी सांगत गेले, त्या लिहून घेत गेल्या. औषधाचं नाव ऐकल्यावर मात्र त्यांनी फोन उचलला आणि उद्याच्या उड्डाणांतून त्याला काढायला सांगितलं. मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, सुटलो. मी विचारलं, आता त्याच्यावर उपचार कराल ना? जमिनीवरच्या शाखेत गेला तरी चालेल.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या उलटीनंतर आला असता तर उपचारच केला असता. आमच्याकडे फिरती खुर्ची आहे. रोज थोडं थोडं फिरवतो, बहुतेकांचं पोट सरावतं. याच्याच तुकडीतल्या एका जाड्या मुलाला दोनदा उलटी झाली होती, त्याचंही सरावलं, परवा एकटा उडून आला."

"पण तीन पिशव्या झाल्या की घरी पाठवता ना?"

"असा नियमच नाही," त्या म्हणाल्या. "वरच्या वर्गातली मुलं दरवर्षी नव्यांना ही थाप मारतात. त्यांनाही कुणीतरी मारलेली असते."

त्या सांगत होत्या, तेही हळू आवाजात, की उलटी हा इथे गुन्हा नाही, पण औषध घेतल्याचं लपवून विमानात बसणं हा आहे, आणि तसं करणाऱ्याला कुठल्याच शाखेत ठेवत नाहीत. आता त्यांना वर कळवावं लागेल. माझ्या तोंडून काय निघालं ते माझं मलाच खरं वाटेना. मी म्हटलं, बाटली घरातच असेल, मी नीट पाहिलं नाही. माझी मुलगी वस्तू कुठेही टाकते. बाईंनी ठकीकडे पाहिलं. ती त्यांच्या टेबलाखाली बसून स्वतःच्या चपला उलट्या घालत होती.

"मी ऐकलं नाही असं मला करता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला तरी आलं असतं का?"

त्याच दुपारी त्याच्या कपाटात बाटली सापडली. पुढे चौकशी बसली, सह्या झाल्या, अकादमीतून त्याचं नाव कमी झालं. अप्पांना मीच फोन केला. ते म्हणाले, "एक फेरी मारून खाली आला असता. तेवढंही तुला बघवलं नाही." मी चिठ्ठीत लिहिलेलं सांगू लागले, सुस्ती, वाहन, पण त्यांनी फोन ठेवला होता. ते म्हणाले ते खोटं कसं ठरवू? आला असता कदाचित. न झालेला अपघात कुणापुढे नेऊन ठेवता येत नाही. नवरा म्हणतो, तू बरोबर केलंस. म्हणतो, पण माझ्याकडे न बघता.

शेपूट काळी ट्रंक घेऊन आला, साध्या कपड्यांत. सदरा जुना होता आणि खांद्यांत अंगाला बसत नव्हता. दारात मला म्हणाला, "गाडी संध्याकाळची आहे." एवढंच. हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या त्या खुर्चीवर जाऊन बसला. ठकी तिला विमान म्हणते म्हणून ती मी हलवली नव्हती. ठकीने त्याला उलथनं आणून दिलं. त्याने ते घेतलं, जरा वेळ धरलं आणि तिच्या हातात परत दिलं. तिने हात वर करून विमान मागितलं. मामा दमलाय, असं मी म्हणेपर्यंत त्याने तिला उचललं होतं. पण फिरवलं नाही. नुसता घेऊन उभा राहिला, तिच्या केसांत नाक खुपसून.

मग खुर्ची टेबलाकडे वळवून तो जेवायला बसला. मी पोळ्या वाढल्या, भात वाढला, भाजी वाढली, दोन अंडी ठेवली. त्याने मान खाली घालून सगळं संपवलं, पोळीने ताट पुसून घेतलं. एरवी मी नवऱ्याला खूण केली असती: बघ, जेवला. त्या दिवशी मला ताटाकडे बघवेना. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

मागून ताट सरकल्याचा आवाज आला.

"अजून आहे का ग?" त्याने विचारलं. "आता काय, पोटभर खाल्लं तरी चालतंय."

नवऱ्यासाठी काढून ठेवलेलं होतं. तेही मी त्याला वाढलं.