धुराड्याच्या दाबाचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. मुठीत मावेन एवढाच. वर्कशॉपच्या खिडकीत, गंजलेल्या नटांच्या डब्यात पडून असतो. माझ्यावर खोटे बोलल्याचा ठपका आहे. तो पुसला जावा म्हणून मी बोलत नाही. आता पुसून कुणाचे काही भले होणार नाही. पण जे घडले ते मी पाहिले आहे, आणि ज्याने ते सांगायला हवे होते, तो गप्प बसला.

माझा जन्म धुळीचा कण नसलेल्या एका पांढऱ्या खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या बोटांनी माझ्या पोटात एक पातळ पडदा बसवला. दाब आला की तो पडदा किंचित वाकतो, आणि तो किती वाकला हे मी तारेतून कळवतो. मला दुसरे काही येत नाही. आमच्यातले काही बिघडतात, हे मी नाकारत नाही. म्हणून तर आम्हाला तपासायचे असते.

तिथून मी दगडाच्या खाणीवर आलो. घराएवढ्या एका लोडरवर माझी नेमणूक झाली. त्याच्या इंजिनाचा धूर ज्या जाड नळीतून बाहेर पडतो, तिला एका बारीक पोलादी पाइपने मी जोडलेला होतो. पुढे काजळी अडवणारा एक फिल्टर होता. तो तुंबला की धूर माघारी रेटू लागतो, नळीतला दाब वाढतो. मी ते कळवतो, केबिनमध्ये पिवळा दिवा लागतो आणि इंजिन स्वतःहून आपले बळ आवरते, म्हणजे जळून जात नाही.

पण मित्रांनो, दिव्यासोबत जो कोड उमटतो त्यात माझे नाव असते. निरोप्याचे नाव वाचून लोक त्यालाच गुन्हेगार ठरवतात. दिवा लागला, फेका सेन्सर.

इथला मिस्त्री तसा नव्हता. धुराच्या नळीला एक लोखंडी बूच होते. दिवा लागला की तो पान्याने ते बूच काढी, तिथे दाब मोजणारा काट्याचा गेज बसवी, इंजिन तापवी आणि काट्याचा आकडा माझ्या आकड्याशी ताडून पाही. मग म्हणे, "दोघं एकच बोलतायत. हा नाही आजारी, फिल्टर तुंबलाय." काम झाले की माझ्यावरची काजळी तो अंगठ्याने पुसत असे. बारा वर्षांत एवढेच कौतुक माझ्या वाट्याला आले. ते पुष्कळ होते.

मग त्याची लेक त्याच वर्कशॉपमध्ये तपासणीच्या कामावर लागली. सहा महिने उमेदवारी, त्यानंतर कायम. मिस्त्रीने ही बातमी खाणीतल्या दगडांनाही सांगायची बाकी ठेवली नव्हती. शेवटचे पंधरा दिवस उरले असताना पिवळा दिवा लागला.

"मॅडम, हा लोडर आहे की ढकलगाडी?" ऑपरेटर केबिनमधून ओरडला. "चढावर उतरून मीच धक्का देत जाऊ का?"

"द्या की, तेवढाच व्यायाम!" ती हसली. लॅपटॉप जोडून तिने आकडे पाहिले. माझ्या तिन्ही तारा तपासल्या. तारांत दोष नव्हता. "बाबा, दाब खूप दाखवतोय. बूच काढून गेज लावता का? मला मॅनेजरनी बोलावलंय."

"अगं, हे मीच शिकवलं तुला. जा तू."

ती गेली. मिस्त्रीने बुचाला पाना लावला आणि जोर दिला. बूच हलले नाही. त्याने श्वास घेतला, पुन्हा जोर दिला. पाना सटकला. तिसऱ्यांदा त्याचे मनगटच वळेना. बोटे उघडली आणि पाना खाली पडला. त्या आवाजाने तो असा दचकला, जणू कुणी त्याला चोरी करताना धरले होते. चार पावलांवर ऑपरेटर उभा होता. "जरा हात लाव रे," एवढे चार शब्द पुरले असते. ते त्याच्या ओठांवर आले नाहीत. दुखरा हात त्याने फडक्यात गुंडाळला.

लेक परत आली. "लावला गेज?"

"लावला. काटा जागच्या जागी आहे. सेन्सरच गेलाय."

"आकडा किती होता?"

त्याने एक आकडा सांगितला. ठीकठाक, निर्दोष, मनातला. तिने तो कागदावर लिहिला आणि खाली सही केली. बापाने सांगितलेला आकडा पुन्हा तपासावा, असे तिच्या मनातही आले नाही.

त्या दुपारी मला उपटून डब्यात टाकले. माझ्या जागी नवा कोरा भाऊ बसला. तिसऱ्या दिवशी तोही तेच बोलू लागला, जे मी बोललो होतो. मिस्त्रीने लेकीला कळवले नाही. रोज सकाळी ती येण्याआधी तो बॅटरीची तार काढून पुन्हा लावी. दिवा थोडा वेळ विझे आणि इंजिन पुन्हा पूर्ण बळ लावी.

"पुन्हा लागतोय हो," ऑपरेटर म्हणाला.

"नवीन पार्ट आहे. रुळायला वेळ लागतो. तू चालव."

आठव्या दिवशी चढावरच इंजिनातून किंकाळी फुटली आणि पांढऱ्या धुराचा लोट उठला. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो फुटला होता. बाहेरून फिटर आला. पान्याला लांब पाइप अडकवून त्याने बूच सहज काढले, फिल्टर उघडला. आत काजळीचा दगड झाला होता.

मॅनेजर कागद घेऊन उभा राहिला. "इथे गेजचा आकडा आहे आणि सही तुमची, मॅडम. हे बूच तर वर्षभर हललेलं नाही, असं फिटर म्हणतो. गेज लावला होता की नाही?"

लेकीने बुचाकडे पाहिले. त्याच्या कडांवर पाना सटकल्याचे ताजे ओरखडे होते. मग तिने बापाकडे पाहिले. त्याचा उजवा हात अजून फडक्यात होता. तिला सगळे कळले. तो बोलेल म्हणून ती थांबली, आणि मीही माझ्या डब्यात श्वास रोखून थांबलो. मिस्त्री खाली पाहत राहिला.

"नाही लावला," ती म्हणाली. "अंदाजाने लिहिलं. चूक माझी आहे."

"मग उद्यापासून येऊ नका."

तिने लॅपटॉप परत दिला, टेबल आवरले. मिस्त्री दाराशी आला. "चहा तरी घेऊन जा, पोरी."

"नको. हात दाखवून घ्या डॉक्टरांना," ती म्हणाली आणि निघून गेली.

मिस्त्री अजून कामावर आहे. येता-जाता तो खिडकीकडे पाहत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझा पडदा अजून शाबूत आहे, पण तो आता कुणाला हवा आहे? एवढेच करा. तुमच्या हातातले बळ संपेल, त्या दिवशी ते मोठ्याने सांगा. शेजारच्याला हाक मारा. ती हाक तुम्ही गिळलीत, तर तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी खोटे ठरावे लागेल. आणि बहुतेक वेळा ते माणूस तुमच्यावर प्रेम करणारेच असेल.