खाकीवरचा पांढरा दोरा

"पुढचे या. बूट काढून चढा," नीलिमा म्हणाली आणि काट्यावरची माती फडक्यानं पुसली.

साताऱ्याच्या पोलीस मुख्यालयात वार्षिक आरोग्य तपासणी चालू होती. शिवण केंद्रातल्या बायकांना मदतीला बोलावलं होतं, आणि नीलिमाच्या वाट्याला वजनकाटा आला होता. ती आकडा सांगे, शेजारी बसलेले हवालदार आकाराम तो कार्डावर लिहीत. गेल्या वर्षापेक्षा पाच किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरलेल्याला छातीच्या फोटोसाठी मिरजेच्या दवाखान्यात पाठवा, असं डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं. पुढच्या आठवड्यात बढतीची यादी लागणार होती. आजारी माणसाचं नाव त्या यादीत राहत नाही, असं पोलीस लाइनीत सगळेच धरून चालत.

"बक्कल नंबर आठशे बारा," आकारामांनी पुकारलं. "आवं वयनी, घरचाच माल हाय. मापात गडबड नको!"

रांग हसली. नीलिमाचा नवरा मिलिंदही हसला, आणि हसता हसता आलेला खोकला त्यानं मुठीत दाबला. उन्हाळ्यापासून तिनं त्याच्या पँटची कंबर दोनदा आत घेतली होती. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "तूच ढगळ शिवतीस."

तो सावकाश काट्यावर चढला. पँट दोन्ही बाजूंनी खाली ओढली जात होती. खिशांची तोंडं पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली होती. टाके वेडेवाकडे होते. तिच्या हातचे नव्हते.

सकाळी कापड बेतताना त्यावर ठेवायची तिची दोन लोखंडी वजनं सापडली नव्हती. किलोकिलोची. शेवटी तिनं खलबत्ता ठेवून काम भागवलं होतं.

काटा साठावर थांबला.

"गेल्या साली, ब्याण्णवला, चौसष्ट," आकाराम कार्ड बघत म्हणाले. "यंदा किती भरलं?"

मिलिंद भिंतीकडे बघत होता.

"साठ दिसतंय की," तो हळूच म्हणाला.

नीलिमानं गळ्यातली टेप मुठीत धरली.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"आँ?" आकाराम काट्याकडे वाकू लागले.

"अठ्ठावन्न लिवा, भावजी." मग ती मिलिंदकडे वळली. "तुमी उतरा खाली."

मिलिंद उतरला. काटा शून्यावर गेला. आकारामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आकडा लिहिला आणि मिरजेची चिठ्ठी फाडली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दोन्ही वजनं शिलाई मशीनवर ठेवलेली होती. मिलिंद खाटेवर बसून होता.

"अकरा वर्सं वाट बघितली," तो म्हणाला. "अजून एक आठवडा गप बसली असतीस तर?"

तिनं त्याची पँट मांडीवर घेतली आणि खिशांवर उरलेले पांढरे टाके ब्लेडनं उसवू लागली.

"उद्या सातची एसटी हाय," ती म्हणाली. "हीच घाला."

"ढगळ हाय ती."

तिनं पँट उलटी केली आणि कंबरेची शिवण त्याच्यापुढे धरली. दोनदा आत घेतलेलं कापड तिथं दुमडून ठेवलेलं होतं. पुन्हा सोडता यावं म्हणून तिनं ते कापलं नव्हतं.