मी हाताचा गिअर, बोटांचा नव्हे

मी गिअरबॉक्स बोलतोय. लाल रंगाच्या, दोनच माणसं बसतील अशा, जमिनीला पोट लावून पळणाऱ्या स्पोर्ट्‌स गाडीचा. पुढे जायचे सहा गिअर, मागे यायचा एक आणि मधे न्यूट्रल, एवढा माझा संसार. मध्यंतरी मला काढून टाकायचं ठरलं होतं. माझ्या जागी दुसरा बसवणार होते. स्टिअरिंगमागच्या दोन पॅडलना नुसतं बोट लावलं की स्वतःच गिअर बदलणारा. हे कुणी ठरवलं, का ठरवलं आणि पुढे काय झालं, ते सांगतो. कुणी कीव करावी म्हणून सांगत नाही, हे आधीच बजावून ठेवतो.

माझी जुळणी कारखान्यात एका बाईने केली. ती दिवसाला अठरा बॉक्स बांधायची आणि प्रत्येकाचं झाकण लावण्याआधी सगळे गिअर एकदा हाताने टाकून बघायची. पुढे यंत्रावर तपासणी व्हायचीच, पण तिचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. शेजारच्या बाकावरची तिला म्हणायची, "अगं, यंत्र बघतं ना ते सगळं? तुझा हात का दुखवून घेतेस?"

"यंत्राला खटका कळत नाही," ही म्हणायची आणि पुढचा बॉक्स ओढायची.

खटका म्हणजे गिअर नेमका जागेवर बसला की तळहाताला जाणवतो तो छोटासा ठोका. जगात मी पहिल्यांदा कुणाला काही दिलं असेल तर तो तिला दिलेला खटका. तिने मान डोलावली आणि झाकण लावलं.

माझा पहिला मालक कंत्राटदार होता. त्याने गाडी घेतली ती चालवायला नव्हे, लोकांनी बघावी म्हणून. एक हात कायम माझ्या दांड्यावर टेकलेला, डावा पाय कायम क्लचवर ठेवलेला, आणि तोंड फोनवर सुरू. दांड्यावर हात टेकला की त्याचं ओझं आत थेट माझ्या अंगावर येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. आठ महिन्यांत त्याने क्लच जाळला. वर गावभर सांगत सुटला की या गाडीत दमच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मला बोलता कुठे येतं? मी रिव्हर्स टाकताना दोनदा अडून दाखवलं, तेवढंच.

मग डॉक्टर आले. ते भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस झोपलेला असतो तेव्हा त्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास ऐकत राहायचं, हे त्यांचं काम. गाडी बघायला आले तेव्हा त्यांनी ना रेडिओ लावला, ना विकणाऱ्याला एक अक्षर बोलू दिलं. सहाही गिअर टाकून एक मोठा फेरा मारून आले आणि म्हणाले, "श्वास चांगला आहे. घेतो."

त्या दिवसापासून बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. हात असा हलका, की दांड्यावर आहे की नाही याचीच मला शंका यावी. मुठीत त्यांनी मला कधी धरलंच नाही. दोन बोटं आणि तळहाताची कड, बस्स. गिअर टाकण्याआधी ते एक क्षणभर थांबायचे. मी आत तयार आहे का, याची जणू चौकशी करायचे.

माणसांबद्दल मला जे काही कळलं ते त्या हातातून कळलं. माणूस तोंडाने "मी कुठे चिडलोय?" म्हणतो आणि पुढच्याच वळणावर चौथा गिअर असा ढकलतो की ती चीड माझ्या दंडाला लागते. बायकोशी अबोला असला की डॉक्टर प्रत्येक गिअर उशिरा टाकायचे. इंजिन ओरडायचं, पण गाडीत दोघं गप्प. आणि टेबलावर पेशंट गेला असेल त्या दिवशी ते घरापर्यंत तिसऱ्याच गिअरवर यायचे. रस्ता मोकळा असला तरी चौथा नाही. मीही मागितला नाही. असं दुःख त्या पॅडलना कधी कळणार आहे का, ते मला कुणीतरी सांगावं.

आता त्या पॅडलबद्दल बोलतोच, कारण माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते मला ऐकू येतं. म्हणे, त्यांचा गिअर डोळ्याची पापणी लवायच्या आत बदलतो. बदलतो, मान्य. शर्यतीत मी त्याच्यापुढे टिकणार नाही, हेही मान्य. म्हणे, तो चूक होऊच देत नाही. भलत्या वेगाला भलता गिअर मागितला तर सरळ नाकारतो. बरोबर आहे. मी चूक होऊ देतो. तुम्ही चुकलात की कर्रर्र करून तुम्हाला तोंडावर सांगतो, आणि पुढच्या वेळी तुम्ही चुकत नाही. यात मला लाज वाटण्यासारखं काय आहे? त्याच्याकडे तुम्ही नुसतं मागता आणि तो तुमचा हुकूम आत पोचवतो. माझ्याशी मात्र तुमचा हात आणि पाय, दोघांनी मिळून बोलावं लागतं. ज्यांना बोलायचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल बोटं हलवावीत. मी कुणाच्या दारात उभा नाही.

पण डॉक्टरांना कंटाळा नव्हता. त्यांचा डावा पाय गेला. म्हणजे पाय होता जागेवर, पण पाठीच्या मणक्यात नस दबली, ऑपरेशन झालं, आणि तरी पावलात जीव परत आला नाही. क्लच दाबला तर किती दाबला हे त्यांना कळेना. सोडला तर गाडी उडी मारून बंद. पहिल्या दिवशी फाटकातून बाहेर पडेपर्यंत चार वेळा बंद पडली. त्यांनी किल्ली काढली, मांडीवर ठेवली आणि बायकोला म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांना बधिर केलं. आता माझाच पाय माझं ऐकत नाही."

"अहो, विकून टाका ना मग गाडी," त्या म्हणाल्या.

"गाडी नाही विकायची," डॉक्टर म्हणाले. "गिअरबॉक्स बदलायचा."

गॅरेजच्या उस्तादांनी शोधाशोध केली. आमच्याच जातीची एक गाडी अपघातात मागून चेपली होती. तिच्यातला पॅडलवाला बॉक्स धडधाकट होता. महिनाभराने उस्तादांचा निरोप आला, बॉक्स आलाय, गाडी घेऊन या. खरं सांगतो, डॉक्टरांवर मला राग आला नाही. त्यांना फक्त कुणाला हाक न मारता, एकट्याने गाडी काढून बाहेर पडायचं होतं. पण मी जायला तयारही नव्हतो.

गाडी गॅरेजला न्यायला लेक आली. ती धरणांच्या भिंतींना गेलेल्या भेगा मोजणारी इंजिनिअर. वयाने पस्तिशीची, पण बाप अजून तिला 'ठकी' म्हणतो. तिची स्वतःची गाडी नवीकोरी, पॅडलवाली. हाताचा गिअर तिने कॉलेजात असताना महिनाभर चालवला असेल नसेल. डॉक्टर काठी घेऊन शेजारच्या सीटवर बसले.

पहिल्याच वळणावर तिला खालचा गिअर हवा होता. सवयीने तिचं बोट स्टिअरिंगमागे गेलं आणि तिथे जे हाताला लागलं ते तिने ओढलं. कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरायला लागले.

"पाऊस कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"गप रे बाबा."

चढावरच्या सिग्नलला गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ सुरू झाला, ठकीच्या कानशिलावर घाम आला. तेव्हा डॉक्टरांनी शेजारून हात पुढे केला आणि माझ्या दांड्यावर ठेवला.

"तू फक्त क्लच बघ. दाब म्हटलं की दाब. गिअर मी टाकतो."

"असं चालतं?"

"दाब. आता सोड, हळू. अजून हळू. पाय थरथरला की थांब."

गाडी निघाली. पुढचे सहा सिग्नल आम्ही तसेच गेलो; पाय लेकीचा, हात बापाचा. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. सहाव्या सिग्नलला ती म्हणाली, "कळलं मला. क्लच धरतो तेव्हा पायाला समजतं." मला वाटलं, सुटलो. आता हे गाडी वळवणार. पण डॉक्टरांनी हात काढून घेतला. "हे काही खरं नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या पायाने किती दिवस गाडी चालवायची? घे उजवीकडे, गॅरेज आलं."

गॅरेजात तो बॉक्स जमिनीवर, पोत्यावर ठेवलेला होता. पुसून चकाचक केलेला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. उस्तादांनी गाडी वर उचलली, खाली परात सरकवली आणि तेल सोडायला माझ्या बुडाचा स्क्रू काढला. त्या स्क्रूला चुंबक असतं. आतले दात झिजले की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. उस्तादांनी तो उजेडात धरला, बोट फिरवलं, आणि पाना बाजूला ठेवला.

"डॉक्टरसाहेब, हे बघा. एवढ्या जुन्या बॉक्सच्या स्क्रूला मिशा फुटतात. याला मिसरूडसुद्धा नाही. मागच्या खेपेला मी पुसून लावला होता, तसाच्या तसा निघाला."

डॉक्टरांनी स्क्रू हातात घेतला. खिशातला रुमाल काढून उगाच पुसला. मग परत दिला आणि म्हणाले, "बरं. काढ आता."

"काका, थांबा जरा," ठकी म्हणाली. ती त्या पोत्यावरच्या बॉक्सशेजारी उकिडवी बसली होती, ती उठली. "बाबा, तुला गाडी कशासाठी हवी आहे?"

"चालवायला. एकट्याने."

"मग माझी घे. तिला डावा पाय लागत नाही. ही मला दे."

"तुला चालवता येत नाही."

"नाही येत."

"ओरबाडशील तिला."

"ओरबाडेन," ती म्हणाली. "पण हा बाहेर काढला की मला शिकायला काही उरणार नाही. तू टाकतोस तसा गिअर मला टाकायचाय, बाबा."

डॉक्टर काठी टेकत गॅरेजच्या दारापर्यंत गेले. तिथे पाठमोरे बराच वेळ उभे राहिले. उस्ताद तो स्क्रू हातात धरूनच उभे होते. परत आले तेव्हा डॉक्टरांचे डोळे लाल होते. "नवं तेल ओत," ते म्हणाले.

जाताना त्यांनी लेकीला प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहून दिलं: गाडी थंड असताना पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर नाही, पहिल्यावरून तिसरा. ठकीने कागद उलटासुलटा करून बघितला. "हे औषधवाल्याकडून वाचून घेऊ का?" त्यावर दोघं हसली.

मी जिंकलो, असं तुम्ही म्हणाल. जागा राखली, हे खरं. पण माझे डॉक्टर गेले, आणि गेले ते नेमके पॅडलकडे. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. ठकी सांगत होती, त्या गाडीत त्यांचा हात अजून दोन सीटच्या मधे जातो. तिथे काही नसतं. मग त्यांनी तिथे चष्म्याचं घर ठेवलंय, त्यावर हात ठेवून बसतात. पॅडल झटपट आहेत म्हणून ते कौतुक करतात, तेही मनापासून. करू देत. माझी हरकत नाही.

आणि ठकी? ठकी मला रोज ओरबाडते. बावीस वर्षांत जे ओरखडे उठले नाहीत ते तिने चार महिन्यांत उठवले. गेल्या रविवारी डॉक्टर तिच्या शेजारी बसले होते. तिने घाईत दुसरा टाकला, क्लच अर्धाच दाबलेला, आणि मी रस्ताभर ऐकू जाईल असा किंचाळलो. डॉक्टरांचा हात सीटवरून उठला, माझ्या दिशेने निम्मा आला आणि परत मांडीवर गेला. ठकीने ओठ चावला, क्लच तळाला नेला, पुन्हा टाकला. खटका बसला. चांगला बसला. डॉक्टरांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली, पुढचा गिअर नीट ऐकू यावा म्हणून.

तेव्हा ठके, आता माझं ऐक. लाजू नकोस, दम खाऊन हळू टाक, चुकलीस तर परत टाक. मी ओरडेन, कारण तेच माझं काम आहे. आत सगळा मिळून मी शे-दीडशे दातांचा आहे, त्यातले दहा तू खाल्लेस तरी मला चालेल. पण मला काढायला कुणी पाना घेऊन आला, तर आज जशी घट्ट धरतेस तशीच मला मुठीत धर. तुझ्या बापाने सांगितलं हलक्या हाताने धर, ते सगळं नंतर.