उडालेला पूल

लष्कराच्या रसदीच्या शाळेत दगडांना फार मान होता. सरावाच्या पेट्यांत डब्यांऐवजी तेवढ्याच वजनाचे दगड असत. उस्ताद म्हणत, "समजा, ही दुधाची पावडर आहे," की वर्गानं ती पावडर समजायची. एकदा एकानं चुकून "दगड" म्हटलं, तर दूध सांडल्याबद्दल त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

खरी पेटी कोणती आणि दगडांची कोणती, याची खूण एकच: दगडांच्या पेटीवर पांढरा पट्टा. बडे साहेब पाहणीला येणार म्हणून वर्गातल्या ढापण्याला हुकूम झाला, गोदामातलं सगळं हिरवं कर. ढापण्याचा चष्मा जाड असला तरी तो हुकमाचा पक्का. त्यानं सगळं हिरवं केलं. पट्ट्यांसकट.

हे त्याच्या डोक्यात आलं ते दुसऱ्या दिवशी जेवताना. गोदामातला माल त्या क्षणी ट्रकात चढत होता, खिंडीपलीकडच्या चौकीसाठी. ढग पार खाली उतरले होते. बर्फ पडलं की खिंड उन्हाळ्यापर्यंत बंद. आणि त्या चौकीवर ढापण्याचे दाजी होते. हिवाळाभर दगड उकळत बसलेले दाजी त्याच्या डोळ्यांपुढे आले. त्यांच्यामागे ताई आली, तेव्हा मात्र तो ताट टाकून उठला.

तो धावत वर्गात गेला. "उस्ताद, ट्रकात दगड चढलेत! चौकी उपाशी मरेल!"

उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "बघा रे, अडचण अशी मांडावी. घामसुद्धा खरा आणलाय गाढवानं. दहापैकी नऊ."

"आईशपथ, उस्ताद!"

"बरं, दहा. बस खाली."

ढापण्या टेलिफोनच्या खोलीकडे पळाला. "चौकी द्या, लवकर!"

"चौकी बोलतेय."

"दाजींना बोलवा!"

"कोण दाजी? अरे ढापण्या, मी शेजारच्या खोलीतून बोलतोय. आजच्या सरावात मी चौकी आहे. दूध पाठव की, मरतोय भुकेनं." आणि चौकी खो खो हसली.

या शाळेत खरं बोलायला एकही जागा नव्हती. बाहेर ट्रक घरघरला.

सरावात कोण मेलं, काय उडालं हे ठरवणाऱ्या पंचांच्या खोलीत पाट्या ठेवलेल्या असत. पाटीपुढे वाद नाही, हा शाळेचा कायदा. मागे एका मेजरला "तुम्ही मेला आहात" ही पाटी मिळाली, तर तो संध्याकाळपर्यंत झाडाखाली मरून पडला होता; चहा आला तरी उठला नाही. ढापण्यानं एक पाटी आणि एक पहार उचलली, आडवाटेनं फाटकापुढचा पूल गाठला आणि पाटी मधोमध उभी केली: "पूल उडाला आहे."

ट्रक थांबला. चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. मामांनी धडधाकट पुलाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"कधी उडाला? सकाळी तर बरा होता."

ढापण्या ट्रकात चढला. पहिली पेटी फोडली. दूध. दुसरी. दूध. खरी रसद अडवणाऱ्याला काय शिक्षा असते, ते त्यानं याच शाळेत पाठ केलं होतं. तिसरीचं झाकण निघालं, आणि उस्ताद धापा टाकत ट्रकावर चढले.

"कुणी उडवला पूल?"

"मी."

उस्तादांनी पेटीत पाहिलं. "हे... हे दगड आहेत," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता, आणि ढापण्याला खरी भीती तेव्हा वाटली.

उस्तादांनी आभाळाकडे पाहिलं. "निवडत बसायला वेळ नाही. गोदाम रिकामं करा, सगळं चढवा. ढापण्या, तू मागे बस. वाटेत पेट्या फोड, दगड फेकत जा."

"आणि परत कसा येऊ?"

"खिंड उघडली की."

मामा मात्र जागचे हलेनात. "पूल उडालाय ना, उस्ताद."

उस्तादांनी स्वतः पाटी उचलून बगलेत मारली. "समजा, बांधला."

घाटभर ढापण्या दगड फेकत गेला. पण दूधही निघत गेलं. चौकी जगेल एवढं. खिंडीच्या तोंडाशी पहिलं बर्फ चष्म्यावर पडलं. पहारेकऱ्यानं ट्रक खिंडीत घेतला आणि मागे अडसर टाकून वाट बंद केली.

"दाजींना सांगणार का, पट्टे कुणी रंगवले?" मामांनी पुढून ओरडून विचारलं.

ढापण्यानं मागे वळून पाहिलं. वाट पांढरी झाली होती. आता उन्हाळ्यापर्यंत तो, मामा, दाजी आणि एकच शेगडी.