कोणाचा पीळ किती

मित्रांनो, बुऱ्हाणपूरच्या लालबागेत एका छतावर लोखंडी जाळीचं मोठं तबक आभाळाकडे तोंड करून बसलेलं दिसलं, तर ते मी. माझं कागदावरचं नाव डिश अँटेना, पण इथे मला सगळे छत्रीच म्हणतात. मी आता जुनी झाले आहे. जाळी दोन ठिकाणी फाटली आहे, खांबाला गंज चढला आहे. तरी या वैशाखात माझ्या छतावर जे घडलं ते आठवलं की माझी जाळी अजून झणझणते.

माझ्या पाकळ्या इंदुरात तयार झाल्या आणि केळी पोचवून परतणाऱ्या एका ट्रकमधून इथे आल्या. दिगंबरभाऊंनी त्या एकेक करून जोडल्या. ते मोहल्ल्याचे केबलवाले. माझ्या पुढ्यात तीन पायांवर त्यांनी माझं डोकं बसवलं, म्हणजे आभाळातून आलेल्या लहरी टिपणारी डबी. काही लहरी उभ्या हेलकावत येतात, काही आडव्या. भाऊ डबी हाताने जराशी फिरवायचे आणि खाली घराघरांत चित्र लख्ख व्हायचं. सामना चालू असताना पडद्यावर मुंग्या आल्या तर सगळी गल्ली खालून हाका मारायची. मुंग्या गेल्या की समोरच्या गोदाबाई वाटीभर दराबा, म्हणजे इथली रव्या-साखरेची मिठाई, पाठवायच्या. तो मला मिळत नसे, पण मान माझाच होता.

मग ताटाएवढ्या छत्र्या आल्या आणि घराघरावर बसल्या. माझं कामच संपलं. माझ्यात कावळ्याने घर केलं, सुमनबाईंनी मिरच्या वाळवल्या. सुमनबाई म्हणजे भाऊंच्या पत्नी. भाऊ मात्र दर दसऱ्याला मला पुसून एक फूल वाहायचे.

त्यांची मुलगी प्रतिभा पुण्याकडे रेडिओ दुर्बिणींवर काम करते. एका सुट्टीत तिने वडिलांना दोरीचं एक टोक धरायला लावलं आणि दुसरं टोक वर-खाली हलवलं. आकाशगंगेतून येणारी लहर अशीच एका दिशेने हेलकावत निघते, ती म्हणाली. वाटेत चुंबकीय क्षेत्र आणि विद्युतकणांचा विरळ धूर लागला की त्या हेलकाव्याला पीळ बसतो. याला फॅरडेचा पीळ म्हणतात. तो मोजला तर जिथे कोणी कधी जाणार नाही तिथलं चुंबकत्व कळतं.

भाऊ हसले. "म्हणजे उभं-आडवंच ना? हे तर मी जिंदगीभर केलं."

"हो, पण इथे पीळ देणारे खूप आहेत, बाबा. कोणाचा किती, ते वेगळं करायचं आहे."

भाऊंना जणू वीस वर्षं मागे नेऊन सोडलं. त्यांनी माझं तोंड दक्षिणेकडून उत्तरेकडे, ध्रुवताऱ्याच्या बाजूला, वळवलं आणि नवी डबी घडवली. ती अनेक लांबींच्या लहरी ऐकते. गोदाबाईंच्या छतावर त्यांनी ओळंबा लावून एक बारीक दांडी उभी केली. तिच्यातून अगदी उभी लहर निघते. मी ती उभीच ऐकते की नाही, हे त्यावरून तपासायचं. आकाशगंगेची रेघ आपल्या छतावर काढायची, एवढंच ते येता-जाता म्हणत. पौषात ते गेले. रेघ राहिली.

वैशाखात प्रतिभा आली. वडिलांची चप्पल जिन्यात होती, ती तिने तिथेच ठेवली आणि वर आली.

तिच्या भावाने, सागरने, छतावर सोलर पॅनल ठरवले होते. "ताई, शनिवारी पॅनलवाले येऊन राहिले. छत्री काढावी लागेल. जागाच नाही." तो वाईट मुलगा नाही, मित्रांनो. बिल त्याला भरावं लागतं. प्रतिभाने फक्त शनिवारपर्यंत थांबायला सांगितलं. तोवर रेघ मिळाली नाही तर माझा खांब कापला जाणार होता.

रेघ कसली, तेही सांगते. लहर लांब असली की पीळ जास्त बसतो. लांबी दुप्पट, तर पीळ चौपट. आडव्या अंगाला लांबीचा वर्ग आणि उभ्या अंगाला हेलकाव्याचा कोन घेऊन ठिपके मांडले की तिरपी रेघ येते. जेवढा पीळ, तेवढी ती तिरपी. पण त्या तिरपेपणात आपल्या डोक्यावरच्या हवेचाही वाटा असतो. हवेच्या सगळ्यात वरच्या थरात सूर्य विद्युतकण तयार करतो, म्हणून पहाटे हा पीळ कमी आणि दुपारी जास्त. त्या थराच्या दाटीचे आकडे उपग्रहांवरून मिळतात. प्रतिभा ते वजा करायची, पृथ्वीच्या फिरण्याने कोनात पडणारा फरकही. वजाबाकी बरोबर असेल तर पहाटेची रेघ आणि दुपारची रेघ एकमेकींवर बसायला हवी. जे उरेल ते आकाशगंगेचं.

रेघा बसेनात. दोन दिवस मी जीव ओतून ऐकत होते, तरी बसेनात. तिसऱ्या दिवशी प्रतिभा लॅपटॉपवर वाकली आणि तशीच थांबली. मग तिने सागरला वर बोलावलं. तिचा आवाज बदलला होता.

"हे बघ. दोन्ही रेघा सारख्याच तिरप्या आहेत. दुपारची फक्त अख्खी वर सरकली आहे."

"तर?"

"आभाळाने पीळ दिला असता तर लांब लहरीला जास्त लागला असता. इथे लहान-मोठ्या सगळ्यांना सारखाच लागलाय. हे आभाळाचं नाही. हे इथलं आहे, आपल्या छतावरचं."

दोघांनी एकदमच वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्याच्या तीन पायांपैकी एकाला सुमनबाईंची दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर ओलं, जड धोतर लोंबत होतं. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, घालायचे तर ते ओल्या धोतरावर थापतात. आदल्या दिवशीचे वाळलेले बिबडे काढले की सुमनबाई धोतर धुऊन दोरीवर टाकत. भर दुपारी ते माझं डोकं ओढून जरासं फिरवायचं, वाळत गेलं की सोडायचं. मला कळत होतं, पण सांगू कशी?

सागर खो खो हसला. "आकाशगंगेत आईचं धोतर!" पौषानंतर त्या घरात कोणी एवढं हसलं नव्हतं. सुमनबाई ओशाळल्या, दोरी सोडून कठड्याला बांधली आणि म्हणाल्या, "बिबडे तर खाता ना दोघंबी."

शुक्रवारी पहाटेची रेघ आली. मग दुपारची आली, आणि पहिलीवर अशी बसली की दोन रेघा आहेत हे दिसेना. आकाशगंगेचा पीळ माझ्या फाटक्या जाळीतून लालबागेत उतरला होता. प्रतिभाने तोंडावर हात धरला होता. सागर खाली गेला आणि फोनवर पॅनलवाल्यांना सांगू लागला की आता पॅनल जिन्याच्या बाजूने, दोन ओळींत बसवायचे. छत्री राहणार.

शेवटी तिने गोदाबाईंच्या छतावरच्या दांडीवरून मला तपासलं. दांडी ओळंब्यात होती. तरीही मला ती किंचित कललेली ऐकू येत होती. पहाटे, दुपारी, सगळ्या लांबींच्या लहरींत, तेवढीच. दोरी तर सुटली होती. मग हा वाटा कोणाचा?

सुमनबाईंनी डबीकडे पाहिलं. ती लाल तारेने आवळलेली होती. "ते तुझ्या बाबांनी केलं. माझ्या दोरीवरचं धोतर त्या डबीला घासे. मी म्हटलं, फाटते ते. तर त्यांनी ती जरा तिकडे फिरवून दिली. म्हणे, प्रतिभाला नको सांगू, रागावेल."

सागरने पक्कड आणली. सरळ करू का, त्याने विचारलं.

प्रतिभाने तारेवर बोट ठेवलं. "राहू दे," ती म्हणाली. "किती आहे ते कळलं आता. हिशेबात वजा करता येतं."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू वाकडी दिसली तर तिला भंगारात देण्याआधी, किंवा सरळ करण्याआधीसुद्धा, जरा थांबा. कोणाचा पीळ किती, ते विचारा. मी अजून उत्तरेकडे तोंड करून बसले आहे. सूर्य रोज आपला पीळ देतो आणि घेऊन जातो. भाऊंचा मात्र आहे तेवढाच राहतो. मी तो सांभाळते आहे.