कोपऱ्यावरचा खांब

दर मार्चमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, मर्डो आमच्या मोटरसायकल क्लबातल्या सगळ्यांना सेल्कर्क गावात रग्बी क्लबाच्या मागच्या खोलीत जमवतो आणि समजावून सांगतो. रांगेत कसं चालवायचं, अंतर किती ठेवायचं, कुठं थांबायचं. यंदा त्यानं माझ्या बायकोचा दाखला दिला.

"ऊनासारखं उभं राहू नका," तो म्हणाला. "बाई चांगली होती. पण उभं राहायला तिनं नेमकी मरायची जागा निवडली."

मी भिंतीजवळ बसलो होतो. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत होते. मी उठून म्हणालो, "जागा तिनं निवडली नव्हती. तू दाखवलीस."

"मी वळायची दिशा दाखवली, निनियन. जागा नाही. तू तिथं होतास का?"

मी नव्हतो. मागच्या उन्हाळ्यातल्या त्या रविवारी गिरणीत माझी पाळी होती.

"तू कधी पुढं चालवलं आहेस का? एकदा तरी?"

"नाही."

"मग बस खाली. जो पुढं चालवतो त्यालाच कळतं बोट कशाला दाखवतात ते."

मी बसलो.

आमच्याकडं वीस-पंचवीस मोटरसायकली एका रांगेत निघतात. रस्ता फक्त पुढच्याला माहीत असतो. वळायची वेळ आली की पुढचा बोट दाखवतो, आणि त्याच्या लगेच मागं जो दुसरा असतो तो तिथं थांबतो. मागून येणाऱ्यांनी त्याला बघून वळायचं. त्याला आम्ही खांब म्हणतो. सगळे गेले, शेवटचा माणूस आला, की मगच खांबानं हलायचं आणि त्या शेवटच्याच्या पुढं रांगेत शिरायचं. शेवटचा म्हणजे आमचा वॉटी. तो भडक पिवळं जाकीट घालतो. तो दिसेपर्यंत खांबानं जागा सोडायची नाही. पाऊस असो, गारठा असो. पहिल्या दिवशी नव्या माणसाला हेच शिकवतात, आणि ऊनानं ते मनापासून शिकलं होतं. ती शाळेत स्वयंपाक करायची. सांगितलेलं जसंच्या तसं करायची तिला सवय होती.

टेकड्यांपलीकडच्या खोऱ्यात एक डावं वळण आहे. तिथून जंगलाचा रस्ता वर जातो. ऊना त्या वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर गाडी लावून उभी होती. मागं कुणाच्या तरी गाडीची साखळी निसटली म्हणून वॉटी तिकडंच थांबला होता, त्याला उशीर झाला. बाकी सगळे गेले तरी ऊना उभीच राहिली. तेवढ्यात लाकडं आणायला वर निघालेला रिकामा ट्रक वळला. लांब ट्रेलर वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, कोपरा कापून जातात. ड्रायव्हर पलीकडच्या बाजूला बघत होता. त्याला ती दिसलीच नाही. पोलिसांनी अपघात म्हटलं. अपघातच होता तो.

नंतर मी त्या जागी पुष्कळ वेळा गेलो. त्या कोपऱ्यावर गवत नाही. सगळीकडं हिरवंगार, आणि तिथं तेवढी चाकांनी मळलेली काळी माती. वीसेक पावलं अलीकडं कुरणाचं फाटक आहे. तिथं दोन गाड्या मावतात आणि तिथं उभा असलेला माणूस लांबून दिसतो. फाटकाशी खांब लावला तर मागच्यांना आधीच वेग कमी करावा लागतो, एवढंच. मर्डोला ते आवडत नाही. रांग तुटते म्हणतो.

भाषणानंतरच्या आठवड्यात मी त्याला सांगितलं की मला पुढं चालवायला शिकायचं आहे.

"तुला?" तो हसला. "का रे, घरी करमत नाही होय?"

"नाही करमत."

"मांजर पाळ."

पण क्लबाचा नियम आहे. पाच वर्षं झालेल्या कुणालाही शिकायचा हक्क आहे आणि शिकवायचं काम मर्डोचं.

त्यानं मला उन्हाळाभर शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. हे मी कबूल करतो. आधी एकट्यानं रस्ता दोनदा फिरून यायचं. सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या चालीनं निघायचं. पेट्रोल सगळ्यात लहान टाकीच्या हिशोबानं. बोट दाखवायचं तर हात खांद्यापासून पूर्ण लांब करायचा, आणि वळायच्या दिशेला नाही, तर जिथं माणूस थांबायला हवा त्या जमिनीकडं.

हे त्यानं मला पहिल्याच रविवारी सांगितलं. "दिशा तुझ्या दिव्यावरून कळते त्यांना. बोट जागेसाठी. वरवर हवेत फिरवलंस तर बिचाऱ्याला कळेल कसं कुठं थांबायचं?"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. मार्चमध्ये आपण काय बोललो होतो ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

शिकवताना तो हेल्मेटातल्या फोनवरून बोलायचा, त्यामुळं त्याचा आवाज थेट माझ्या कानात असायचा. एकदा मी पुन्हापुन्हा आरशात बघत होतो. ऊना नेहमी माझ्या मागं असायची, ती सवय होती.

"आरशात काय बघतोस एवढं?" मर्डो म्हणाला. "ती नाहीये मागं. रस्ता बघ."

मी रस्ता बघितला. दुसऱ्या एका रविवारी मी एका बाईला पुलाच्या तोंडाशी उभं केलं, तर चहाला थांबल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "निनियनला बायकांना वाईट जागी उभं करायची हौस दिसते. घरातच रोग आहे." दोघंतिघं हसले. हसून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यातल्या एकानं मला त्याच्या बशीतला स्कोन, लहानसा गोड पाव, देऊ केला. मी तो खाल्ला.

पुढं चालवायला लागल्यावर एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. दर वळणाला दुसरा माणूस गळतो आणि पार मागं जातो, आणि उरलेले एकेक जागा पुढं सरकतात. माणसं किती आणि खांब किती लावायचे हे ठाऊक असेल, तर कुठल्या वळणावर कोण दुसरा असेल ते घरी बसून काढता येतं. मी ते जेवणाच्या टेबलावर मिठाच्या आणि मिरीच्या बाटल्या, चमचे, काड्यापेटी असं मांडून काढलं. मर्डो म्हणजे काड्यापेटी. ऊनाच्या खुर्चीकडं तोंड करून मी ती काड्यापेटी एकेक घर पुढं सरकवत बसायचो.

परीक्षा ऑगस्टमध्ये ठरली, घेणारा मर्डोच. परीक्षेचा रस्ता शिकणाऱ्यानं आखायचा असतो. मी खोऱ्याचा रस्ता आखला.

"तिकडून कशाला?" मर्डोनं विचारलं.

"मला तो रस्ता पाठ आहे."

त्यानं खांदे उडवले. "तुझी मर्जी. रडत बसू नकोस म्हणजे झालं."

सकाळ कोरडी होती. रांग छोटीच होती. परीक्षेला मोठी लावत नाहीत. निघताना मर्डो माझ्या लगेच मागं होता, म्हणून पहिल्या वळणाला तोच खांब झाला. मी त्याला झाडाखाली मोकळ्या गवतावर उभं केलं. "छान," तो कानात म्हणाला. मग तो मागं गेला, आणि पुढच्या वळणांना बाकीचे एकेक गळत गेले तसा पुन्हा पुढं येत राहिला. काड्यापेटी आली तसाच.

मर्डो दुसरा व्हायला अजून एका खांबाची कसर पडत होती. म्हणून एका खेड्यात, जिथं रस्ता सरळ जातो आणि कुणीच चुकणार नाही, तिथं चर्चसमोर मी उगाच एकाला थांबवलं.

"इथं खांब कशाला?" मर्डोचा आवाज आला.

"गल्ली आहे. कुणी आत शिरलं तर?"

"आंधळा असला तरी नाही शिरणार. असू दे. काळजी घेतोस, बरं आहे."

त्यानंतर तो थेट माझ्या मागं होता. त्याच्या मागं शोना होती. ही शोना डाकखात्यात काम करते, बोलते कमी. ऊना मेली त्या दिवशीही ती रांगेत तिसरीच होती, म्हणजे ऊनाच्या लगेच मागं. मी तिला त्या दिवसाबद्दल दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं, निनियन."

खोऱ्यात शिरलो. मेंढ्या कुंपणाला अंग घाशीत होत्या. वळण दिसलं तशी मी चाल कमी केली, डावा दिवा लावला, आणि हात खांद्यापासून पूर्ण लांब करून काळ्या मातीकडं बोट दाखवलं. जिथं गवत नाही तिथं. त्यानं शिकवलं होतं तसं, त्याहून जरा जास्तच वेळ.

कानात फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

मी वळलो. वळता वळता आरशात बघितलं. मर्डो कोपऱ्यापर्यंत आलाच नव्हता. त्यानं कचकन ब्रेक दाबून गाडी अलीकडं फाटकाशी घातली होती. शोनाची गाडी त्याच्या मागच्या चाकाला लागता लागता राहिली. मग ती त्याच्या बाजूनं निघाली आणि माझ्या मागं वळली.

पुढच्यानं मागं फिरायचं नसतं. मी फिरलो नाही.

चहाच्या जागी आम्ही लांब टेबलाशी बसलो. डाळीचं सूप मागवलं. मर्डो आणि वॉटी सगळ्यांच्या शेवटी आले. मर्डोनं हेल्मेट टेबलावर आपटलं, तशी कुणाचं तरी सूप सांडलं.

"तू मला कुठं उभं करत होतास रे?"

"कोपऱ्यावर," मी म्हणालो.

"कोपऱ्यावर! लेका, तिथून ट्रेलरची चाकं जातात. गवत उगवत नाही तिथं, दिसत नाही तुला? मारायचं होतं का मला?"

"मी बोट दाखवलं होतं. खांबानं दाखवलेल्या जागी थांबायचं असतं ना?"

"तसल्या जागी? कुणी अक्कल असलेला थांबेल का?"

"मग चूक थांबणाऱ्याची का?"

"चूक बोट दाखवणाऱ्याची!" तो ओरडला. "थांबणारा नवखा असतो, त्याला काय कळतं? तो विश्वासानं थांबतो. असल्या जागी बोट दाखवणारा माणूस पुढं चालवायच्या लायकीचा नाही. नापास. ऐकलंस? आयुष्यात कधी—"

तिथं तो थांबला.

शेजारच्याचा चमचा वाटीतच राहिला. काउंटरवरच्या बाईनं आमच्याकडं बघितलं.

"पुन्हा सांग," मी म्हणालो. "मागच्यांना ऐकू गेलं नसेल."

बोलली ती शोना, सुपाच्या वाटीकडं बघत.

"त्या दिवशी पण बोट तिथंच होतं. खाली, जमिनीकडं. मी तिसरी होते."

मर्डोनं तिच्याकडं मान वळवली. त्याला आता कुणावर तरी घसरायचंच होतं. "असं? आणि वर्षभर तोंड शिवलं होतं का बाई तुझं? तिला पुरलं तेव्हा चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसून रडत होतीस. तेव्हा नाही आठवलं?"

शोना उठली आणि हातमोजे न घेताच बाहेर गेली. तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तिच्या मागं जायला हवं होतं. मी गेलो नाही. मला तिची दया आली नाही. मी सूप संपवलं. गार झालं होतं.

मी नापासच राहिलो. मी तक्रार केली नाही. मर्डोला काढा असंही कुणी म्हटलं नाही. त्याच्याइतके रस्ते दुसऱ्या कुणाला माहीत नाहीत. शोनानं क्लब सोडला. पुढच्या मार्चमध्ये त्यानं पुन्हा समजावून सांगितलं. कोपऱ्यावर खांब लावू नका, अलीकडं फाटक असेल तर फाटकाशी लावा, बोट दाखवणाऱ्यानं आधी जमीन बघावी. सगळं बरोबर सांगितलं. ऊनाचं नाव घेतलं नाही. आता कुणीच घेत नाही. वर्षभर निदान शिव्या द्यायला तरी घेत होते.

त्याच बैठकीत वॉटी म्हणाला की त्याचे गुडघे गेले, शेवटची जागा कुणीतरी घ्या. मी हात वर केला. शेवटच्याला परीक्षा नसते. त्यानं मला ते भडक पिवळं जाकीट दिलं. दंडाशी जरा घट्ट होतं.

आता दर रविवारी मी शेवटी असतो. मर्डो दर वेळी पुढं नसतो. दुसरं कुणी पुढं असलं की तोही रांगेतच असतो, आणि कधी ना कधी दुसरा होतोच. मग तो खांब होऊन उभा राहतो. सगळे त्याच्या समोरून जातात. मी वळणाच्या आधी, जिथून तो मला दिसतो पण मी त्याला दिसत नाही, अशा जागी गाडी बंद करतो, आणि घरून आणलेला पाव काढून खातो. सावकाश खातो. पाऊस असला तर आणखी सावकाश. तो घड्याळ बघतो. रस्त्यावर मागं बघतो. लाकडाचे ट्रक त्याच्या बाजूनं जातात आणि दर ट्रकला तो गाडीवर आणखी वाकतो.

त्याला ठाऊक आहे मी कुठं आहे. तो कुणाला सांगू शकत नाही, सांगायचं तर ऊनाचं नाव घ्यावं लागेल. शेवटचा येईपर्यंत खांबानं हलायचं नसतं.